व्हायरसचं प्रोटीन, पेशीचं प्रोटीन आणि रेप्लिकेशनची सुरुवात: या विषयात नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

व्हायरसचं आणि पेशीचं प्रोटीन मिळून व्हायरसच्या डीएनएची प्रत काढायला (म्हणजे रेप्लिकेशनला) कशी सुरुवात करतात, या विषयावर पीएचडीला लागले तेव्हा पहिले दोन महिने मी नुसते रिव्ह्यू पेपर वाचत बसले होते, पॅपिलोमा, हर्पीस, अडिनो असे सगळे व्हायरस एकदम. हर्पीस पॉलिमरेज (नवा धागा बनवणारं एन्झाइम), हेलिकेज (दोन धागे सोडवणारं), प्रायमेज (सुरुवातीचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, टाकणारं) सगळं स्वतःचंच घेऊन येतो, अडिनो तर प्रोटीनचाच प्रायमर करतो, त्यामुळे एकाचं वाचलेलं दुसऱ्याला लागू पडेना आणि डोक्यात नुसता गोंधळ. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगेन की एकच व्हायरस धरा आणि तो पक्का करा, बाकीचे मग आपोआप सोपे जातात.

मी एसव्ही४० हा माकडाचा व्हायरस धरला. ५,२४३ बेसपेअरचा गोल डीएनए, आणि रेप्लिकेशनसाठी त्याचं स्वतःचं एकच प्रोटीन लागतं, लार्ज टी अँटिजेन, बाकी सगळं पेशीकडून उसनं. १९८४ मध्ये ली आणि केली यांनी हे रेप्लिकेशन पेशीच्या बाहेर, ट्यूबमध्ये करून दाखवलं आणि पुढे याच सिस्टिममधून आरपीए (एकेरी धागा झाकणारं), आरएफसी (पॉलिमरेजला धरून ठेवणारी कडी डीएनएवर चढवणारं) अशी आपल्याच पेशीतली प्रोटीनं हाती लागली. मला अजूनही हे फार भारी वाटतं, एवढ्याशा व्हायरसने माणसाच्या रेप्लिकेशनची दारं उघडून दिली!

आता खरी गंमत कुठे आहे ते बघा. ओरिजिनवर, म्हणजे रेप्लिकेशन जिथून सुरू होतं त्या जागेवर, जीएजीजीसी ही पाच अक्षरं चारदा येतात, तिथे टी अँटिजेन बसतं, एटीपी (पेशीचं इंधन) असलं की सहा-सहाच्या दोन रिंगा होतात आणि डीएनए उलगडायला लागतो. एकेरी धागा उघडा पडला की आरपीए येऊन तो झाकतं. पण प्रायमर टाकायचा तर पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला त्याच धाग्यावर जागा हवी, मग आरपीए बाजूला कोण करणार? टी अँटिजेन आरपीएलाही धरतं आणि प्रायमेजलाही, त्यामुळे धागा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नुसतं उलगडायचं असेल तर आरपीएऐवजी ई. कोलाय बॅक्टेरियाचं तसंच धागा झाकणारं प्रोटीन, एसएसबी, टाकलं तरी चालतं, पण पुढे रेप्लिकेशन होत नाही. धागा दोघंही झाकतात, पण नुसतं झाकून भागत नाही, कोण कोणाला धरतं त्यावर सगळं आहे. तसंच उंदराच्या पेशींच्या अर्कात एसव्ही४० चालत नाही, त्यात माणसाचं पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज टाकलं की चालतो. हे दोन प्रयोग नीट समजले ना, तर हा विषय का आहे तेच समजलं असं मी म्हणेन.

आता माझ्या चुका. पहिल्या वर्षी मी टी अँटिजेनची अँटिबॉडी वापरून पुलडाउन केला (एक प्रोटीन ओढून काढायचं आणि सोबत कोण येतं ते बघायचं) आणि ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायच्या पडद्यावर) आरपीएच्या ७० केडीए (किलोडाल्टन) वजनाच्या भागाचा इतका ठसठशीत बँड आला की मी लगेच फोटो काढून गाईडना दाखवायला पळाले. त्यांनी एवढंच विचारलं, "डीएनए काढला होतास का?" नव्हता काढला. टी अँटिजेनही डीएनएला चिकटतं, आरपीएही चिकटतं, मध्ये डीएनएचा तुकडा राहिला तर एकमेकांना न शिवताही दोघं सोबत वर येतात. बेन्झोनेज हे डीएनए कापून टाकणारं एन्झाइम घालून परत केलं तर तोच बँड पार फिका झाला, बारीकशी रेघ उरली, आणि खरं इंटरॅक्शन त्या रेघेत होतं. पुढे शुद्ध केलेली दोन्ही प्रोटीनं घेऊन ते परत तपासलं तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. तेव्हापासून बेन्झोनेजशिवायचा पुलडाउन मी कोणाचाच मानत नाही.

दुसरी चूक, टी अँटिजेन मी बॅक्टेरियात बनवलं, भरपूर मिळालं, एटीपीएज (एटीपी तोडायचं काम) छान, हेलिकेज छान, आणि रेप्लिकेशन शून्य. चार महिने बफर बदलत बसले. कारण होतं थ्रिओनिन १२४ (प्रोटीनमधलं १२४ वं अमिनो आम्ल), तिथे पेशीचं सीडीके हे एन्झाइम फॉस्फेट लावतं, बॅक्टेरियात ते लागत नाही. १९८९ पासून हे छापलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. कीटकपेशीत बनवलेलं प्रोटीन घेतलं आणि काम सुरू झालं. तुमच्या प्रोटीनला पेशी काय काय लावते ते क्लोनिंगच्या आधीच शोधा.

आणि बँड मिळाला म्हणजे रेप्लिकेशनला त्या इंटरॅक्शनची गरज आहे असं होत नाही. त्यासाठी असा म्युटंट (मुद्दाम बदल केलेलं प्रोटीन) पाहिजे ज्यात फक्त ती पकड सुटते, डीएनएवर बसणं, एटीपीएज, हेलिकेज जसंच्या तसं राहतं. या कामात माझं दीड वर्ष गेलं, कारण बहुतेक म्युटंटमध्ये दुसरंच काहीतरी बिघडलेलं निघायचं. पण थीसिसमधला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

पेशीत रेप्लिकेशन मोजायला डीपीएन-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम वापरा. बॅक्टेरियातून आलेल्या प्लाझमिडवर (ओरिजिन घालून पेशीत सोडलेल्या छोट्या गोल डीएनएवर) मेथिल असतं आणि हे एन्झाइम तेवढंच कापतं, पेशीत नव्याने तयार झालेलं सुटतं. सोबत प्लाझमिडला एकाच जागी कापणारं दुसरं एन्झाइम घाला म्हणजे एकच स्वच्छ बँड येतो. आणि ओरिजिन नसलेला प्लाझमिड दर वेळी शेजारच्या लेनमध्ये हवाच, तिथे बँड दिसला तर तुमचं कापणं अर्धवट राहिलंय, त्या दिवशीचे बाकीचे आकडे वहीत लिहा पण वापरू नका.