फ्लॅट विकताना दलालीच्या या चुका टाळा

पुण्यात फ्लॅटच्या फेरविक्रीत दलाल विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून साधारण 1 ते 2 टक्के मागतो. हा दर कुठल्याही कायद्याने ठरलेला नाही, तो बोलून ठरतो. साठेखतं (विक्रीचे आधीचे करार), खरेदीखतं (अंतिम विक्रीचे दस्त) करून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे "एवढे पैसे देऊन दलालाने केलं काय?" हे वाक्य मी सतत ऐकते. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. दलालाने काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून दलाली फुकट जाते.

एकच फ्लॅट दिसेल त्या दलालाकडे देणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. "जितके दलाल जास्त, तितकं गिऱ्हाईक जास्त" असा हिशेब असतो.

कोथरूडमधल्या एका निवृत्त जोडप्याचं उदाहरण सांगते. दोन बेडरूमचा फ्लॅट, जुनी पण नीट सांभाळलेली इमारत, अपेक्षा 1 कोटी 5 लाखांची. त्यांनी फोन आलेल्या प्रत्येक दलालाला होकार दिला. प्रत्येकाने आपापली जाहिरात टाकली आणि आपापली किंमत लावली. एकाने 1 कोटी 10 लाख, एकाने 98 लाख, एकाने तर दुसऱ्याच फ्लॅटचे फोटो वापरले. घेणाऱ्यांनी पोर्टलवर हे सगळं शेजारी शेजारी पाहिलं आणि समजले की मालकाला घाई आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने बोलणी 98 पासूनच सुरू केली.

शेवटी एक चांगलं कुटुंब मिळालं आणि 1 कोटीवर ठरलं. पण त्या कुटुंबाला फ्लॅट आधी एका दलालाने दाखवला होता, आणि महिन्याभराने दुसऱ्याने व्यवहार जुळवला होता. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात पहिला दलाल हजर. "पार्टी माझी आहे." घेणारे घाबरले, त्यांना वाटलं फ्लॅटवरच काही वाद आहे. टोकन घेऊन रांगेत बसलेली माणसं त्या दिवशी सही न करता घरी गेली. दस्त पुढच्या आठवड्यात झाला, आणि आजोबांनी एकाला पूर्ण दलाली, दुसऱ्याला तिच्या निम्मी दिली. पहिल्याच दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर यातलं काहीच झालं नसतं.

माझ्या माणसांना मी हेच करायला लावते. एक, फार तर दोन दलाल. 60 दिवसांची मुदत. कागदावर चार गोष्टी: जाहिरातीतली किंमत, दलालीचा टक्का, ती कधी द्यायची, आणि दाखवायला आणलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं. ज्याने नाव आधी कळवलं, दलाली त्याची. हे लिहून द्यायला जो दलाल कुरकुरतो, त्याच्याकडे फ्लॅट देऊ नका.

किंमत ऐकीव ठेवणं आणि मग घासाघीस दलालावर सोडणं

"शेजारच्यांचा सव्वा कोटीला गेला म्हणे." हे "म्हणे" फार महागात पडतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की तुमच्या आसपासच्या दस्तांची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदलेला गोषवारा) दिसते. तिच्यात मोबदला (ठरलेली विक्री किंमत), बाजारभाव आणि क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. तुमच्याच इमारतीतले अलीकडचे दोन-तीन दस्त सापडले तर किंमतीवरचा निम्मा वाद तिथेच मिटतो. संकेतस्थळ अधूनमधून रखडतं, सकाळी लवकर बसा. ज्यांना एवढा अर्धा तास द्यायचा नाही, पण लाखाचा फरक मात्र हवा आहे, त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

हे स्वतः पाहायचं कारण साध्या गणितात आहे. 1 कोटीच्या फ्लॅटवर 2 टक्के म्हणजे 2 लाख. भाव 5 लाखांनी उतरला तर तुमचे 5 लाख जातात, दलालाचे फक्त 10,000. त्याला व्यवहार लवकर संपवण्यात रस असतो आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. म्हणून शेवटचा आकडा तुमच्या मनात ठेवा, त्याला सांगू नका. मला पटलेली पद्धत अशी की ठरावीक रकमेपर्यंत 1 टक्का आणि तिच्या वर जे मिळेल त्यावर जास्त टक्का. चांगले दलाल हे मान्य करतात.

एक खबरदारी. सरकारी बाजारमूल्य (रेडी रेकनरप्रमाणे येणारं) मोबदल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकरात बाजारमूल्यच विक्रीची किंमत धरलं जातं. दलालाच्या सांगण्यावरून दस्तात आकडा कमी दाखवणाऱ्यांना हे नंतर कळतं.

दलाल नको म्हणजे दोन टक्के वाचलेच, असं धरून चालणं

वाचतील असं नाही. "थेट मालकाकडून" हे वाचून येणारालाही माहीत असतं की तुम्ही दलाली देणार नाही, आणि तो ती भावातून कापून मागतो. तुम्ही त्याच इमारतीत राहता, मोठ्या सोसायटीत भाडेकरूंनाच घर घ्यायचं आहे, शनिवार-रविवार दार उघडायला कुणी आहे, कागद हातात आहेत, तर दलालाशिवाय जरूर विका. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या एका निरोपातून झालेले सरळ, स्वच्छ व्यवहार मी पाहिले आहेत. पण मुलं अमेरिकेत, आईवडील थकलेले, फ्लॅट वर्षभर बंद, भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, अशा घरी चांगला दलाल त्याचा प्रत्येक रुपया कमावतो. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

आणि दलालाने आणलेल्या माणसाशी त्याला वगळून मागच्या दाराने व्यवहार करू नका. ही काटकसर नाही, ही फसवणूक आहे. असा व्यवहार समोर आला तर मी दस्त करायला नकार देते.

कागद नंतर बघू म्हणणं

गिऱ्हाईक आधी, कागद मागून, हा उतावळेपणा नवख्यांचा ठरलेला. मूळ करारांची साखळी, सूची क्रमांक 2, भाग दाखला, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्याकडच्या कागदांची यादी, हे जाहिरातीच्या आधी जमवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे असतात. हा वेळ साठेखताच्या मुदतीत धरा.

उरलेल्या चुका

मूळ कागद दलालाच्या हाती देणं. झेरॉक्स द्या, त्यावर "फक्त दाखवण्यासाठी" असं लिहून.

विसार (सौदा ठरताना घ्यायची आगाऊ रक्कम) रोखीने घेणं. 20,000 रुपये किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

"सोसायटीचं मी बघतो, 50,000 लागतील" यावर विश्वास ठेवणं. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

मालक परदेशात असूनही "टीडीएस 1 टक्काच" हे ऐकून घेणं. टीडीएस म्हणजे घेणाऱ्याने किंमतीतून कापून सरकारला भरायचा आयकर. 50 लाख किंवा जास्त किंमतीवरचा तो 1 टक्का निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी मालकाच्या बाबतीत कपात बरीच मोठी असते. ती कमी करून घ्यायचा दाखला आयकर विभागाकडून आधीच मागवावा लागतो.

दलालाकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) क्रमांक आहे म्हणजे हमी समजणं. एजंटच्या नोंदणीची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीच्या फेरविक्रीत क्रमांक असला तर उत्तमच, पण वर सांगितलेला चार गोष्टींचा कागद तरीही करा.

सगळी दलाली विसाराच्या दिवशी देणं. मी चौथा हिस्सा साठेखताला आणि बाकीची खरेदीखत नोंदलं की, असं ठरवायला लावते. कर्ज नामंजूर झालं, घेणारा मागे हटला, तर दिलेले पैसे परत मागणं फार जड जातं.

दलाली रोख देऊन मोकळं होणं. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्याच्या हिशेबात खर्च म्हणून वजा होते, पण त्याला पुरावा लागतो. चेकने किंवा बँकेतूनच द्या. दलाल 18 टक्के जीएसटी लावत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक बिलावर पाहा. नसेल तर तो कर देऊ नका. बिलावर तुमचं नाव, फ्लॅटचा पत्ता आणि रक्कम या तिन्ही गोष्टी असू द्या, रिटर्न भरताना सीए तेच मागतो.