पायांच्या उपचारकांनी व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व कसे घ्यावे

कोकणात पायाच्या तक्रारी भातलावणीच्या दिवसांत वाढतात: बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला टाचेत रुतलेला जांभ्याचा खडा कित्येक दिवस कळलेलाही नसतो. अशा वेळी सावंतवाडीसारख्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला सल्ला विचारण्याजोगा दुसरा जाणकार जवळपास सापडतोच असे नाही. माझ्या मते सभासद होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आपल्याकडे हे काम शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे निरनिराळे लोक करतात, म्हणून आपली पदवी कोणत्या सभासदवर्गात बसते आणि त्या वर्गाला मतदानाचा हक्क आहे का, हे संघटनेची घटना वाचून आधी ठरवावे. सभासदत्व म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. आपापल्या व्यवसायाची नोंदणी वेगळी लागतेच.

वर्गणी भरल्यावर प्रथम कार्यशाळेला जावे. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू) तळव्यावर काटकोनात टेकवून, तो वाकेपर्यंतच दाबायचा आणि रुग्णाचे डोळे मिटलेले ठेवून स्पर्श जाणवला का ते विचारायचे, ही साधी तपासणीसुद्धा कुणी समोर बसून चुका दाखवल्याशिवाय हातात बसत नाही. मधुमेही पायाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2023 मध्ये सुधारली गेली. तीही अशा बैठकांत चर्चेतून नीट उलगडतात. पावसाळ्यात घाट बंद पडण्याची धास्ती असतेच, तेव्हा ऑनलाइन सत्रे होतात का, हे वर्गणी भरण्यापूर्वीच विचारावे.