जहाजावरचे खेळ: आधी पाळ्या बघा

संशोधन जहाजावर सहकाऱ्यांसाठी खेळ ठेवायचे तर आधी पाळ्यांचा तक्ता बघा. खलाशी बहुधा ४ तास काम, ८ तास विश्रांती अशा चक्रात असतात, तर संशोधकांची पाळी १२ तासांची. म्हणजे कधीही बघा, कोणीतरी झोपलेलंच असतं. त्यामुळे उड्या, आरडाओरडा नकोच. पाळी बदलताना जेवणघरात अर्ध्या तासाची प्रश्नमंजुषा उत्तम. संघ मात्र मिसळून करा: एक शास्त्रज्ञ, एक इंजिनवाला, एक स्वयंपाकघरातला. गाठी मारण्याची शर्यत लावली की डेकवरचे लोक आपोआप गुरुजी होतात, आणि ते फार छान वाटतं.

माझ्या मते सगळ्यात भारी खेळ थर्माकोलच्या कपांचा. प्रत्येकाने कप पक्क्या मार्करने रंगवायचा, आत कागदाचा बोळा कोंबायचा, सगळे कप जाळीच्या पिशवीत घालून सीटीडी यंत्राच्या (खोल समुद्रात सोडून पाण्याची क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र) चौकटीला घट्ट बांधायचे. २,००० मीटरवर दाब हवेच्या सुमारे २०० पट. कप बोटभर होऊन वर येतात, चित्रं तशीच! यंत्र सांभाळणाऱ्याला आधी विचारा, पिशवी सेन्सरपासून लांब ठेवा. डेकवर काही करायचं असेल तर कॅप्टनची परवानगी हवीच.