स्टेल्थ लढाऊ विमानाविषयीचे दावे कसे तपासावेत

स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज सापडू नये असे घडवलेल्या, लढाऊ विमानाची बातमी आली की ‘अदृश्य’, ‘अजेय’, ‘पाचव्या पिढीचे’ ही विशेषणे तिच्यासोबत ठरल्याप्रमाणे येतात. विमान कोणत्याही देशाचे असो, ही विशेषणे बाजूला ठेवून त्याची खरी क्षमता आणि त्याच्या विकासाची खरी अवस्था सामान्य वाचकालाही बऱ्याच अंशी स्वतः जोखता येते. त्यासाठी गोपनीय कागदपत्रांची गरज नसते. रडारचा एक नियम, विमानाची स्पष्ट छायाचित्रे आणि प्रकल्पाच्या तारखा एवढे साहित्य हाताशी असले की पुरते.

दिसते की नाही, हे विचारू नये. किती अंतरावरून दिसते, ते विचारावे

‘अदृश्य’ हा शब्द वाचला की त्याच्या जागी एक प्रश्न ठेवावा: हे विमान कोणत्या रडारला, कोणत्या बाजूने आणि किती अंतरावरून दिसते? स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही असे नसते. ते उशिरा दिसते, आणि त्या उशिरातच त्याची सगळी ताकद असते. रडारने सोडलेल्या लहरींपैकी किती लहरी विमानावर आदळून त्याच रडारकडे परततात, याचे माप ‘रडार क्रॉस सेक्शन’ म्हणजेच आरसीएस या राशीने सांगतात. तिचे एकक चौरस मीटर असले तरी ती विमानाच्या प्रत्यक्ष आकारमानाची मोजणी नाही. योग्य घडणीच्या मोठ्या विमानाचा आरसीएस साध्या घडणीच्या लहान विमानापेक्षा कितीतरी कमी असू शकतो.

आता मुख्य नियम. लहरी जाताना आणि परतताना, अशा दोन्ही वेळा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतात. म्हणून विमान ज्या अंतरावर पकडले जाते ते अंतर आरसीएसच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलते. साध्या गणनयंत्रावर वर्गमुळाची कळ दोनदा दाबली की चतुर्थमूळ मिळते, त्यामुळे हा हिशेब कोणालाही करता येतो. आरसीएस १० पटींनी घटला तर शोधाचे अंतर सुमारे ५६ टक्क्यांवर येते, १६ पटींनी घटला तर निम्म्यावर येते आणि १०,००० पटींनी घटला तरच ते दहाव्या भागावर येते. जे रडार साध्या लढाऊ विमानाला ४०० किलोमीटरवर पकडते, त्याला असे विमान ४० किलोमीटरवर दिसेल.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते परस्परविरोधी वाटले तरी दोन्ही खरे आहेत. आरसीएसमध्ये थोडी घट केल्याने फारसे काही साधत नाही. म्हणून जुन्या विमानाला विशेष रंग देऊन ‘स्टेल्थ केले’ असा दावा आला तर त्याला फार वजन देऊ नये. याउलट, घट खरोखर प्रचंड असेल तर तिची भरपाई करणे रडारला जवळजवळ अशक्य होते, कारण रडारची शक्तीही त्याच चतुर्थमुळाच्या नियमात अडकलेली असते. दहा हजार पटींची घट केवळ शक्ती वाढवून भरून काढायची तर शक्तीही दहा हजार पटींनी वाढवावी लागेल. शिवाय अंतर दहाव्या भागावर आले की रडारच्या नजरेखालचे क्षेत्र शंभराव्या भागावर येते. एकमेकांना लागून उभारलेल्या रडारांच्या मध्ये मग मोकळ्या वाटा पडतात आणि मोहिमेची आखणी करणारे याच वाटांनी विमान नेतात.

आरसीएसचे आकडे बऱ्याचदा ‘उणे ३० डीबीएसएम’ अशा स्वरूपात दिलेले आढळतात. ही लघुगणकी मोजणी आहे: शून्य म्हणजे एक चौरस मीटर आणि प्रत्येक उणे १० म्हणजे आणखी दसपट घट, म्हणून उणे ३० म्हणजे ०.००१ चौरस मीटर. ‘रडारवर हे विमान गोटीएवढे दिसते’ असे वाक्य आले तर त्यात बाजू आणि वारंवारता सांगितली आहे का, ते पाहावे. बहुतेक वेळा ती सांगितलेली नसते आणि आकडा समोरच्या बाजूचा, म्हणजे सर्वांत अनुकूल कोनातला असतो. तेच विमान वळताना बाजू किंवा पोट दाखवते तेव्हा तो आकडा लागू राहत नाही.

रडार कोणते, हे दुसरे पाहावे

लढाऊ विमानांवरची आणि क्षेपणास्त्रांना नेम देणारी रडारे बहुधा एक्स बँडमध्ये, म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात; तिथे तरंगलांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते. लढाऊ विमानाचा स्टेल्थ आकार आणि लहरी शोषणारा लेप प्रामुख्याने याच पट्ट्यासाठी घडवलेला असतो. व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींच्या, रडारची तरंगलांबी मात्र मीटरमध्ये असते आणि ती विमानाच्या शेपटीच्या किंवा पंखाच्या टोकाच्या मापाशी जुळू लागली की आकाराची किमया बरीच ओसरते. म्हणून ‘आमच्या रडारने स्टेल्थ विमान पकडले’ हा दावा खोटाच असतो असे नाही. पण पकडणे वेगळे आणि पाडणे वेगळे. लांब लहरींचे रडार विमान साधारण कुठे आहे एवढे सांगते. क्षेपणास्त्र नेमके नेऊन भिडवण्याइतकी अचूकता त्यात सहसा नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २७ मार्च १९९९ रोजी सर्बियातील बुद्यानोव्त्सी गावाजवळ घडले. युगोस्लाव्ह हवाई संरक्षण दलाच्या तुकडीने जुन्या एस-१२५ नेव्हा क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडले. शोधासाठी तिने पी-१८ हे लांब लहरींचे रडार वापरले आणि नेम धरणारे रडार विमान जवळ आल्यावर, अगदी थोड्या वेळासाठीच चालू केले. या घटनेवरून स्टेल्थ निकामी ठरले असे म्हणणारे आणि तो निव्वळ योगायोग होता असे म्हणणारे, दोघेही माझ्या मते घाईने बोलतात. शत्रूच्या गोळीबारात पडलेले ते एकमेव एफ-११७ होते, हे जितके खरे तितकेच शिस्तबद्ध तुकडी जुन्या सामग्रीनेही स्टेल्थ विमान गाठू शकते, हेही खरे.

छायाचित्र वाचावे

स्टेल्थचा मोठा भाग आकारात असतो, आणि आकार लपवता येत नाही. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये कडांवरून होणाऱ्या लहरींच्या विवर्तनाचे, म्हणजे कडेपाशी वळून पसरण्याचे, गणित प्रसिद्ध केले. पुढे १९७०च्या दशकात लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याच्या आधारे आरसीएस मोजणारी संगणकप्रणाली तयार केली. त्या काळच्या संगणकांना सपाट पृष्ठांचाच हिशेब झेपत असे, म्हणून डिसेंबर १९७७ मध्ये उडालेले ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान आणि त्यातून घडलेले एफ-११७ ही दोन्ही विमाने पैलू पाडल्यासारखी दिसतात. नंतरच्या विमानांचे सलग वक्र हे वाढलेल्या संगणकीय क्षमतेचे फळ आहे.

छायाचित्र पाहताना प्रथम कडांकडे लक्ष द्यावे. पंख, शेपटी आणि इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारे तोंड) यांच्या कडा मोजक्याच दिशांना समांतर असतील, तर परावर्तित लहरी त्या मोजक्या दिशांनाच जातात आणि इतर बाजूंना विमान शांत राहते. चाकांच्या कप्प्यांच्या आणि इतर झाकणांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात, त्याही याच कारणाने. मग समोरून इनटेकमध्ये पाहावे: इंजिनाची फिरती पाती उघडी दिसत असतील तर तिथून जोरदार परावर्तन होते, म्हणून अमेरिकेच्या एफ-२२ मध्ये हवेचा मार्ग वळवून ती झाकलेली आहेत. अमेरिकेच्या एफ-३५ आणि चीनच्या जे-२० यांच्या इनटेकपाशी दिसणारा फुगवटा हवेचा प्रवाह सांभाळतो आणि जुन्या पद्धतीची वेगळी पट्टी व तिच्यामुळे पडणारी फट टाळतो. मागच्या बाजूला एफ-२२चे नोझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारे तोंड, चपटे आहे, एफ-३५चे गोल पण दातेरी काठाचे आहे, तर रशियाच्या सुखोई-५७चे साधे गोल आहे. मागून येणाऱ्या रडारचा विचार कोणी किती केला, याचा अंदाज एवढ्यावरूनही बांधता येतो.

शस्त्रे कुठे आहेत, हा प्रश्न कधीही सोडू नये. एफ-२२ पोटातील आणि बाजूच्या कप्प्यांत हवेतून हवेत मारा करणारी आठ क्षेपणास्त्रे नेते. एफ-३५ए ही एफ-३५ची हवाई दलासाठीची आवृत्ती त्याच प्रकारची चार क्षेपणास्त्रे आत घेऊन उडते. त्याच एफ-३५च्या पंखांखाली बाँब टांगलेले असतील, तर बातमीत दिलेला स्टेल्थचा आकडा त्या छायाचित्रातल्या विमानाचा नाही. दक्षिण कोरियाच्या केएफ-२१चा आकार स्टेल्थला अनुकूल असूनही सुरुवातीच्या विमानांत शस्त्रे बाहेरच राहतात, आणि म्हणूनच त्याची गणना पाचव्या पिढीत, म्हणजे शस्त्रे पोटात नेणाऱ्या पूर्ण स्टेल्थ विमानांत, करणे योग्य नाही. आणखी एक बारकावा असा, की शांततेच्या काळात स्टेल्थ विमानांवर ल्युनेबर्ग लेन्स नावाचे छोटे परावर्तक बसवतात, जेणेकरून नागरी रडारांना ते दिसावे आणि खरा आरसीएस कोणाला मोजता येऊ नये. हवाई प्रदर्शनाच्या वेळी ‘रडारने ते सहज टिपले’ या दाव्याला त्यामुळे काहीच किंमत उरत नाही.

वेग, इंधन आणि जाणिवा

कमाल वेगाची तुलना सर्वांत फसवी असते. एफ-३५ची मर्यादा मॅक १.६, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.६ पट, आहे आणि अनेक जुन्या विमानांच्या माहितीपत्रकात मॅक २ किंवा अधिक लिहिलेले असते. परंतु ते आकडे बहुधा शस्त्रे आणि बाहेरच्या टाक्या नसलेल्या विमानाचे असतात, तर एफ-३५ए सुमारे ८,३०० किलो इंधन आणि शस्त्रे पोटात घेऊनच उडते. त्यापेक्षा आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून मिळणारा तात्पुरता जोर) न लावता स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त, वेग टिकतो का, हे पाहावे. एफ-२२ तसे मॅक १.५ हून अधिक वेगाने उडू शकते.

माझ्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा भाग बातम्यांत सर्वांत कमी येतो: विमानाला स्वतःला काय दिसते आणि ते स्वतः किती बोलते. रडार चालू केले की विमान आपले ठिकाण जाहीर करते. म्हणून आधुनिक स्टेल्थ विमानाचे रडार आपल्या लहरी शत्रूच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाला सहज ओळखू येणार नाहीत अशा रीतीने सोडते, शक्य तेव्हा गप्प राहून केवळ ऐकते, आणि सोबतच्या विमानांशी अरुंद, दिशाबद्ध झोतातून संवाद साधते. एफ-३५च्या अंगावरचे सहा अवरक्त कॅमेरे चारही बाजूंचे दृश्य वैमानिकाच्या हेल्मेटवर आणतात, आणि सर्व संवेदकांची माहिती एकत्र करून त्याच्यासमोर एकच चित्र ठेवले जाते. एखाद्या विमानाच्या वर्णनात आकाराविषयी पानेच्या पाने असतील आणि या एकत्रीकरणाविषयी काहीच नसेल, तर ते वर्णन अर्धे समजावे.

तारखा ओळीने मांडाव्यात

‘पहिले उड्डाण यशस्वी’ ही बातमी वाचताना ते कशाचे उड्डाण आहे, हे आधी ठरवावे: तंत्रज्ञान दाखवणाऱ्या विमानाचे, विकासाच्या नमुन्याचे की कारखान्यातून निघालेल्या मालिकेतल्या विमानाचे? या पायऱ्यांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर असते. एफ-२२चा आधीचा नमुना असलेले वायएफ-२२ सप्टेंबर १९९० मध्ये उडाले, एप्रिल १९९१ मध्ये त्याची निवड झाली, प्रत्यक्ष एफ-२२ सप्टेंबर १९९७ मध्ये उडाले आणि डिसेंबर २००५ मध्ये ते मोहिमेस सज्ज घोषित झाले. एफ-३५ची निवड ऑक्टोबर २००१ मध्ये झाली, पहिले उड्डाण डिसेंबर २००६ मध्ये झाले, अमेरिकी मरीन दलाने ते जुलै २०१५ मध्ये सज्ज मानले आणि पूर्ण गतीच्या उत्पादनाला मान्यता मिळाली ती मार्च २०२४ मध्ये. सुखोई-५७चा नमुना जानेवारी २०१० मध्ये उडाला आणि मालिकेतले पहिले विमान हवाई दलाकडे गेले डिसेंबर २०२० मध्ये. तेव्हा नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाच्या तारखेत दहा वर्षे मिळवावीत आणि त्याहून लवकरचे आश्वासन असेल तर त्याला कारण मागावे.

त्यानंतर इंजिन कोणाचे आहे ते पाहावे, कारण प्रकल्प बहुतेक वेळा तिथेच अडतो. चीनचे जे-२० जानेवारी २०११ मध्ये प्रथम उडाले, पण सुरुवातीच्या विमानांना रशियन इंजिने होती आणि स्वदेशी इंजिने नंतर आली. तुर्कीचे ‘कान’ नावाचे लढाऊ विमान फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी एफ-११० इंजिनांवर उडाले. भारताच्या एएमसीए या नियोजित स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मान्यता मिळाली आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीसाठीही अमेरिकी एफ-४१४ इंजिनच योजले आहे. परकीय इंजिन असणे हा दोष नाही, मात्र वेळापत्रक आणि निर्यात दोन्ही त्या देशाच्या परवानगीशी बांधली जातात, हे हिशेबात धरावे.

संगणकप्रणालीची आवृत्तीही विचारावी. एफ-३५च्या नव्या संगणकसंचाची आणि प्रणालीची चाचणी पूर्ण न झाल्यामुळे अमेरिकेने जुलै २०२३ पासून सुमारे वर्षभर त्या संचाची नवी विमाने ताब्यात घेतली नव्हती. विमाने बांधून तयार होती, पण स्वीकारण्याजोगी नव्हती.

शेवटी ताफ्याची संख्या. नाजूक लेप, सुट्या भागांची टंचाई आणि दुरुस्तीची मर्यादित सोय यांमुळे स्टेल्थ विमानांचा मोठा हिस्सा कोणत्याही दिवशी जमिनीवर असतो. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या अहवालानुसार मार्च २०२३ मध्ये एफ-३५च्या ताफ्याचे मोहीमसज्जतेचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. म्हणून दोन देशांच्या ताफ्यांची तुलना करताना एकूण विमानांतून प्रशिक्षणासाठी आणि चाचणीसाठी राखलेली विमाने आधी वजा करावीत, उरलेल्या संख्येला सज्जतेचे प्रमाण लावावे आणि मगच ते आकडे शेजारी शेजारी मांडावेत.