‘सेंद्रिय’ भाकरीच्या हॉटेलात जेवण फसू नये म्हणून

मातीच्या रंगाच्या भिंती, वर कंदील, मेनूवर ‘सेंद्रिय ज्वारी’, आणि ताटात मात्र चामड्यासारखी चिवट भाकरी. पुण्या-मुंबईत असं जेवण नशिबी येणं काही अवघड नाही. सेंद्रिय म्हटल्यावर शेतात काय घातलं आणि काय घातलं नाही एवढंच कळतं. भाकरी बिघडते ती त्यापुढे, गिरणी आणि तवा यांच्या मधल्या वाटेवर. म्हणून चौकशी दळणाची करायची.

टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हाच तीन गोष्टी विचारून घ्या. पीठ कधी दळलं? भाकरी थापता की लाटता? सांगितल्यावर करता की करून डब्यात ठेवता? ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपलीकडे गेलं की त्याची विरी जाते, म्हणजे पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा उरत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतंच, त्यामुळे भाकरीची सगळी मदार पिठाच्या ताजेपणावर आणि गरम पाण्यावर. बाजरीत स्निग्धांश जास्त, म्हणून तिचं पीठ लवकर खवट होतं. उन्हाळ्यात आठवडाही काढत नाही. नाचणीचं त्या मानाने बरंच टिकतं. ‘पीठ रोज ताजं असतं’ असं गुळगुळीत उत्तर आलं तर गिरणी कुठली, एका वेळी किती किलो दळता, असं पुढे विचारा. खरं काम करणारा माणूस लगेच सांगतो.

सेंद्रियचा पुरावा हवा असेल तर पिठाची पिशवी दाखवायला सांगा. 2017 च्या नियमांनुसार पाकीटबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह लागतं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला यातून सूट आहे, पण हॉटेल म्हणजे तो शेतकरी नव्हे. ‘ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो’ हे खरंही असू शकतं. मग गाव आणि वाण तरी सांगता आलं पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथलं मालदांडी हे वाण नावाजलेलं आहे, त्यामुळे हे नाव मेनूवर सर्रास दिसतं. नाव लिहायला पैसे पडत नाहीत.

बसल्यावर लगेच थाळी मागवू नका. आधी एकच भाकरी आणि पिठलं सांगा. थापून भाजलेली भाकरी यायला दहा-बारा मिनिटं लागली तर ते चांगलं लक्षण. दोन मिनिटांत आली तर ती डब्यातून आली.

आता भाकरी हातात घ्या. पापुद्रा वर सुटलेला हवा. कडेला बोट घालून उचलला की वाफ बाहेर आली पाहिजे. पापुद्राच नसेल तर बहुतेक वेळा पाणी लावायची वेळ चुकलेली असते. तव्यावर टाकल्या टाकल्या वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायचं. उशीर झाला तर वरून भेगा पडतात, वाफ तिथूनच निसटते आणि भाकरी फुगत नाही. वर कोरं पीठ पांढरं दिसत असेल तर पाणी नीट लागलेलंच नाही. काठ फाटले असतील तर पीठ जून आहे किंवा मळणं कमी पडलंय. एका भाकरीचा गोळा तळहाताच्या टाचेने परातीत दोन-तीन मिनिटं रगडावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी हॉटेलात नेमकं तेच टाळलं जातं. जून पिठाला वाटीभर पिठामागे साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी घालून उकड काढली तर निभावतं, कारण 70 अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. कोमट पाण्यावर भागवलं की भाकरी तुटणारच.

काठ वाटीने कापल्यासारखा गोल आणि घास रबरासारखा लांबत असेल तर गव्हाचं पीठ मिसळल्याचा संशय घ्या. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी हे आधीच विचारावं, आणि पोळ्यांचा तवा, परात, लाटणं वेगळं आहे का तेही. कडवट घास म्हणजे खवट पीठ. त्याला इलाज नाही. वर लोण्याचा भलामोठा गोळा आला तर खूश होण्याआधी तो बाजूला सारून कोरा तुकडा खाऊन बघा. लोण्याखाली बरंच काही झाकलं जातं.

भाकरी फसलेली असेल तर अर्धी संपायच्या आत सांगा, आणि नेमकं सांगा: ‘दादा, ही आतून ओली राहिलीय. दुसरी थेट तव्यावरून आणाल का?’ ‘मजा नाही आली’ म्हटलं की वाढणाऱ्यालाही काय करावं ते कळत नाही. दुसरीही तशीच आली तर पीठच खराब. तिथे तांदळाची भाकरी किंवा साधा वरणभात घ्या आणि थाळीचा नाद सोडा.

बिलावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक हवा. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के. सेवाशुल्क परस्पर लावता येत नाही. लावलं असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

उरलेली भाकरी बांधून आणलीत तर फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ती आणखी लवकर कडक होते. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सकाळी बारीक कुस्करा, पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीवर परता आणि झाकण ठेवून एक वाफ काढा. चिवट भाकरीची फोडणीची भाकरी उत्तम होते. कडवट असेल तर मात्र तेल वाया घालवू नका.