नोटरीचा शिक्का: कुठे पुरतो आणि कुठे नाही

पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्यावर टंकलेला मजकूर आणि खाली नोटरीचा गोल शिक्का एवढे जमले की दस्त पक्का झाला, असा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. नोटरी अधिनियम, १९५२ खाली नेमलेला नोटरी मात्र सही करणाऱ्याची ओळख पटल्याचे आणि त्याने अमुक तारखेला आपल्यासमोर सही केल्याचे तेवढे प्रमाणित करतो; विकली जाणारी जमीन खरोखर विकणाऱ्याची आहे का, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

म्हणून नोटरीकडे जाण्यापूर्वी, या व्यवहाराला कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे का, हे आधी तपासावे. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावे लागते. गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट ‘नोटरीवर’ घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले आणि ताबाही मिळवला, तरी सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहते. कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार), साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. असे कागद हाती असतील तर ते रद्दीत मात्र टाकू नयेत, कारण योग्य मुद्रांक शुल्क भरलेले साठेखत नोंदणीकृत नसले तरी करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येते. त्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याचा नकार कळल्यापासून मोजतात.

अकरा महिन्यांच्या भाडेकराराला नोटरी पुरते, ही समजूत निदान महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि ती टाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मृत्युपत्राला नोटरीची गरजच नाही. तिथे दोन साक्षीदार नीट निवडावेत.

नोटरीचे खरे मोल प्रतिज्ञापत्रात आणि कुलमुखत्यारपत्रात दिसते. नोटरीने प्रमाणित केलेले कुलमुखत्यारपत्र रीतसर झाले आहे, असे न्यायालय गृहीत धरते. परदेशात राहणाऱ्याला इथला दस्त मुखत्यारामार्फत नोंदवायचा असेल, तर तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत केलेले पत्र चालते. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. भारतात राहणाऱ्याला मात्र त्याच कामासाठी निबंधकापुढेच पत्र करावे लागते.

नोटरीपुढे बसल्यावर मूळ ओळखपत्र दाखवून सही तिथेच करावी, घरून करून नेऊ नये. शिक्क्यावर नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो का, ते पाहावे. त्याच्या नोंदवहीतही सही करावी आणि तिथला अनुक्रमांक दस्तावर उतरल्याशिवाय उठू नये, कारण पुढे कोणी सही नाकारली तर न्यायालयात ती वहीच मागवली जाते.