गोधडीचा पापड होऊ नये म्हणून या चुका टाळा

माझी पहिली गोधडी धुऊन दोरीवर टाकली तेव्हा सासूबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी एकदा बघितलं आणि आमच्या खान्देशी बोलीत म्हणाल्या, "हाई गोधडी शे का पापड?"

त्यांचं खरंच होतं. चारही कडा वर वळलेल्या, मधे फुगे, आणि पांढऱ्या चौकोनांवर मरून रंगाचे ओघळ. पंधरा दिवस दुपारची झोप मोडून शिवलेली गोधडी! टीप मात्र सरळ होती, कुठे उसवलेली नव्हती. गोंधळ झाला होता तो मशीनवर बसायच्या आधी, कपाटातून कापड काढून थेट कात्री चालवली तेव्हाच. नंतर बऱ्याच गोधड्या शिवल्या, शेजारणींच्या बिघडलेल्या उसवूनही दिल्या, आणि दर वेळी फिरून त्याच चुका दिसल्या. त्या इथे सांगते.

कापड निवडताना

नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ९० इंचांच्या गोधडीत हा हिशेब पावणेतीन ते साडेचार इंचांचा होतो. आईचं जुनं लुगडं शंभर वेळा धुतलेलं असतं, ते आता आटायचं नाही. नायलॉनची साडी मुळातच आटत नाही. ही तिन्ही कापडं एका गोधडीत शिवली की पहिल्या धुण्यात एक थर आखडतो, बाकीचे तिथेच राहतात, आणि मधलं जास्तीचं कापड फुगतं. माझा पापड असाच झाला. वर नवं सुती कापड, आत जुनं लुगडं आणि मागे "वाया कशाला घालवायची" म्हणून लावलेली नायलॉनची साडी.

त्यामुळे नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. जुन्या कापडाचा भरवसा नसेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख बोटात चुरते. पॉलिस्टर, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. असं कापड गोधडीत घालू नका. ते घसरतं, घाम टिपत नाही, आणि उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, अंथरून झोपणाऱ्याच्या पाठीला रात्रभर चिकटतं.

आता रंगाचं. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांच्यावर कधीही विश्वास ठेवू नका. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. तरीही रंग सुटत राहिला तर त्याच्या पिशव्या शिवा. मीठ आणि व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. मीही एक बादलीभर मीठ वाया घालवलंय. आजकालच्या तयार कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या घरांत आणखी एक पंचाईत असते, केळीच्या चिकाचे डाग. केळीत काम करताना नेसलेल्या साडीवर पडलेले ते तपकिरी डाग कशानेच जात नाहीत. ते घासत बसून कापड विरवू नका. ती साडी आतल्या थरात घाला, तिथे कोण बघतंय?

कापूस भरायचा मोह

आपल्याकडे घरोघरी कपाशी. साहजिकच नव्या शिवणारीला वाटतं की आत कापूस भरला की गोधडी मस्त ऊबदार होईल. पण गोधडी ही थरांची, आणि कापूस भरलेली ती दुलई. दोन्ही शिवायची रीत वेगळी. घरचा कापूस नुसता हाताने मोकळा करून भरला तर दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात आणि ते सगळे एका कोपऱ्यात जाऊन बसतात. त्यात सरकी राहिली असेल तर ती टोचते, शिवाय तिच्या तेलाचे पिवळे डाग वर येतात. कापूसच हवा असेल तर तो पिंजून आणा, सारखा पसरा आणि टाक्यांच्या ओळींमध्ये चार बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. पहिल्याच खेपेला मात्र कापडाचे थरच बरे. आपल्या थंडीला चार-पाच थर पुरतात. धुळ्याकडे पारा एक आकडी झाला तर दोन गोधड्या घ्या. सात-आठ थरांची एकच गोधडी शिवाल तर ती घरच्या मशीनखाली जाणार नाही आणि धुताना उचलणारही नाही.

सूतभराची चूक

ठिगळांचे चौकोन जोडताना "सूतभर इकडेतिकडे चालतं" असं म्हणू नका. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकदा हिशेब करून बघा. ५ इंचांचे १० चौकोन एका ओळीत आहेत. पाव इंच दुमड धरली तर ओळ साडेपंचेचाळीस इंच भरते. आता टीप पाव इंचाऐवजी एक सूत जास्त आत गेली. प्रत्येक जोडात दोन्हीकडून एकेक सूत जातं, जोड ९, म्हणजे १८ सूत. सव्वादोन इंच गेले! दुसऱ्या ओळीत टीप नीट आली असेल तर या दोन ओळी जुळणार कशा? मग आपण आखूड ओळ ओढूनताणून लांब ओळीला बसवतो आणि तिथे घडी पडते.

उपाय साधा आहे. सुईपासून मोजून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून न्या. तिरप्या कापलेल्या तुकड्यांपासून पहिल्या गोधडीत लांबच राहा. उभ्या-आडव्या धाग्याला तिरपं कापलेलं कापड हात लावला तरी ताणतं. इस्त्रीसुद्धा सरकवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची.

थर लावताना

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळ्या जणी इथेच घाई करतात. थर पलंगावर लावू नका, गादी दबते. घरातली फरशी मोकळी करा. शहाबादी असेल तर उत्तमच, फरशीच्या सांध्यावर कापडाची कड ठेवली की रेघ आपोआप सरळ येते. सगळ्यात खालचं कापड उलट्या बाजूने पसरा, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या, काय असेल ते वजन ठेवा. कापड ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणून शिवलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि गोधडी गोळा होते. मग एकेक थर पसरत जा आणि दर वेळी हाताने मधून कडेकडे सुरकुती काढा.

त्यावर कच्चे टाके. मधून कडेकडे, उभे-आडवे, चार-चार बोटांवर. टाचण्यांवर भागवू नका. मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे ओढतात, वरचं कापड दाबाखाली (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली) मागे रेंगाळतं. टीप शेवटाला पोचते तेव्हा खालचा थर संपलेला असतो आणि वरचा दोन बोटं उरलेला. कच्चे टाके असतील तर हा फरक जागच्या जागी अडतो.

मशीन रुसलं की

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं दुखणं म्हणजे खाली दोऱ्याचं जाळं. टीप वरून सुरेख दिसते, कापड उलटलं की खाली नुसता गुंता. मग बायका बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) काढतात, बॉबिन केसचा स्क्रू पिळतात, आणि होती ती टीपही बिघडते. खाली गुंता दिसला की दोष बहुतेक वर असतो. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा आवळून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. दाब खाली ठेवून दोरा ओवला की चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यावरूनच जातो. दाब वर करा, दोरा सगळा काढा, पहिल्यापासून ओवा. दहातल्या आठ वेळा एवढ्यावरच काम होतं.

तरी कळेना तर वर लाल दोरा आणि बॉबिनमध्ये निळा घालून चिंधीवर वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल वेटोळी दिसली तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा फार आवळलाय किंवा खालचा सैल आहे. बॉबिन केस दोऱ्याला धरून हवेत लटकवा आणि हलका झटका द्या. किंचित खाली सरकून थांबली तर ठीक. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा झाला तर एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच.

टाके सुटत असतील तर आधी सुई बघा. लांब खाच जिकडून दोरा ओवतो त्या बाजूला, चपटी बाजू तिच्या विरुद्ध, आणि सुई वर टेकेपर्यंत गेलेली हवी. ठिगळं जोडायला १४ नंबर, चार-पाच थरांना १६. एकच सुई वर्षभर चालवू नका. कापडात शिरताना टकटक आवाज येऊ लागला की तिचं टोक बोथट झालंय. थरांवर टाका थोडा मोठा ठेवा आणि मागून कापड ओढू नका. ओढल्यानेच सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते.

पायमशीन असेल तर सुरुवात नेहमी चाक हाताने आपल्याकडे फिरवून करा. चाक उलटं गेलं की दोरा अडकतो. शटलमध्ये (बॉबिन बसते त्या भागात) आणि दात्यांखाली साचलेला कापसाचा भुसा दर गोधडीनंतर ब्रशने काढा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल थंडीत थिजतं, मग फिरायला जड झालेलं मशीन घेऊन बाई कारागिराकडे जाते आणि पैसे मोजून येते. तेल दिल्यावर आधी चिंधी शिवा, नाहीतर पहिला डाग गोधडीवर.

हाताने शिवणाऱ्यांसाठी

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला तर गाठी पडतात आणि ओढून ओढून तो विरतो. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) वापरा, पहिले दोन दिवस ते अडचणीचं वाटतं. कडेपासून सुरू करून आत आत येणारा धावदोरा ही आपली जुनी पद्धत, पण थर सरकू नयेत म्हणून वर सांगितलेले कच्चे टाके त्यालाही हवेतच. दर वीतभराला एक उलटा टाका घाला, म्हणजे एक ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. टाके एकसारखे आले नाहीत म्हणून उसवत बसू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक गोधडी अंगावर घेताना टाके मोजत नाही.

धुणं, आणि सुया

ओली गोधडी पिळू नका, दोरे तुटतात. एका तारेवर टाकली तर ती स्वतःच्याच वजनाने मधे ताणते, म्हणून दोन तारांवर पसरून टाका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गोधडी दुपारपर्यंत खडखडीत वाळते, पण रंगही तेवढ्याच वेगाने उडतात. उलटी करून वाळवा किंवा सकाळीच काढून घ्या.

शेवटचं काम मी कधीच चुकवत नाही. शिवायला बसताना सुया आणि टाचण्या मोजून वाटीत ठेवते आणि उठताना पुन्हा मोजते. भाचीच्या बाळासाठी गोधडी शिवली तेव्हा ३० टाचण्यांतली एक कमी भरली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन अख्खी गोधडी बोट-बोट चाचपली. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मधे, कोपऱ्यातल्या पिवळ्या ठिगळाखाली आडवी सापडली. वरून हात फिरवला तर काही लागत नव्हतं.